मिटलेल्या तंट्याची तोंडी नोंद

सावरगाव, पांढुर्णा
पोळ्याची कर

चि. अनघास,


गावातले तंटे समोरासमोर बसवून मिटवणाऱ्या समितीचा मौखिक इतिहास नोंदवणे अवघड, आणि त्याचे कारण तंटा मिटण्याच्या अटीतच असते. बैठक उठताना जाणती माणसे बहुधा एकच गोष्ट बजावतात: आता हा विषय पुन्हा काढायचा नाही. नोंद करणारा नेमका तोच विषय काढायला आलेला असतो.

महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही योजना. ग्रामसभेने नेमलेली समिती दिवाणी, महसुली आणि तडजोडीस पात्र असे फौजदारी तंटे गावातच मिटवते आणि गुणांकनात पुढे आलेल्या गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात बक्षीस मिळत असे. इथून मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडे नरखेड, काटोल, वरुडकडच्या गावांना ही पद्धत परिचयाची आहे. समितीच्या वहीत तंट्याचा प्रकार, दोन्ही पक्षांची नावे, तडजोडीचा मजकूर, सह्या आणि अंगठे येतात. पण बक्षीस मिटलेल्या तंट्यांवर, त्यामुळे वहीही त्यांच्याच बाजूने बोलते. अर्धवट मिटलेला, चार लोकांच्या दडपणाखाली सही झालेला तंटा तिच्यात एका ओळीत आटोपतो. तोंडी नोंदीची गरज तिथे लागते.

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यातली गोटमार हे यातले टोकाचे उदाहरण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात, शेकडो लोक जखमी होतात आणि झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात जातो. पळवून नेलेल्या मुलीची कथा दोन्ही काठांवर सांगितली जाते. मेळ्याआधी प्रशासन शांतता समितीची बैठक घेते. दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले गेले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. असे का झाले, हे इतिवृत्त वाचून कळायचे नाही. ते डोके फुटलेल्या माणसाला, त्याची जखम बांधणाऱ्या बाईला आणि पलीकडच्या काठावरच्या माणसाला वेगवेगळे बसवून विचारावे लागते.

अशा सांगण्यात चुका असतात, आणि त्या फेकून देण्याजोग्या नसतात. इटलीतल्या तेर्नी शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद-कामगार 1949 साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू 1953 सालच्या कामगारकपातीच्या दंगलीत नेऊन बसवला होता. कपातीचा अपमान कामगारांच्या मनात इतका मोठा होता की मृत्यूला तीच जागा शोभेशी वाटली, असा अर्थ पोर्तेल्ली यांनी लावला. गावच्या तंट्यातही तारीख सरकते ती कारणानेच. म्हणून वही आणि सांगणे शेजारी ठेवून वाचायचे, एकाने दुसरे खोडायचे नाही.

प्रश्न विचारण्याचा क्रम महत्त्वाचा. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, तंटा घेतला तर ‘धुरा कोणी कोरला?’ या प्रश्नाने मुलाखत तिथेच बसते. जुना आरोप जसाच्या तसा बाहेर येतो आणि आवाज चढतो. ‘बैठकीत कोण कुठं बसलं होतं?’ असे विचारले की माणूस हाताने जागा दाखवू लागतो: पारावर जाणती मंडळी, खाली दोघे भाऊ, थोरल्याची बायको भिंतीआड उभी. मग ती बाई काय बोलली, कोणी ऐकले, नवी खूण रोवताना दोरी कोणी धरली, हे ओघाने येते. भिंतीआडच्या बाईची मुलाखत स्वतंत्र आणि घरातल्या पुरुषांच्या गैरहजेरीत घ्यावी. बहुतेक संग्रह इथेच कमी पडतात. समितीचा अध्यक्ष तासभर बोलतो आणि गावाचा इतिहास झाला असे समजले जाते. उतरवून घेताना बोली सुधारू नये. ‘करून राह्यला’ हे ‘करत आहे’ केले की बोलणारा माणूस कागदावरून निघून जातो.

संमती दोनदा घ्यावी: रेकॉर्डर लावण्याआधी, आणि उतरवलेला मजकूर वाचून दाखवल्यावर. तडजोड कोणत्या गुन्ह्यांत चालते हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये दिले आहे. त्याबाहेरचे प्रकरण गावात ‘मिटले’ असेल तर ते सांगणाऱ्याला मुलाखत गोत्यात आणू शकते. बालकावरील लैंगिक गुन्हा झाल्याचे कळले तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, म्हणून ही मर्यादा बोलणे सुरू होण्याआधीच सांगावी. ‘तुमचं नाव कुठं येणार नाही’ एवढे आश्वासन लहान गावात पुरत नाही. शेताचा गट नंबर, विहीर, भावांची संख्या यांवरून कोणीही घर ओळखते. तेवढे तपशील प्रतीतून काढावे लागतात.

ध्वनिफितीची एक प्रत गावाच्या वाचनालयात आणि एक बाहेरच्या संस्थेत असावी. दोन्ही पक्षांपैकी एकानेही नको म्हटले तर ती मुलाखत त्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत बंद राहते आणि पाकिटावर ती मुदत तारखेसह लिहिली जाते.

तुझा,
मामा