थुंकी नव्हे, बेडका

अब्बांचे हात कधी गुलाबी असत, कधी निळे. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ते भुकटी पिंपात भरायचे काम करत. ज्या आठवड्यात जो रंग, त्या आठवड्यात तसे हात. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या चाळीत संध्याकाळी ते नळावर वुजूला बसले की पाणी आधी रंगीत वाहायचे, मग नितळ. हात मात्र तसेच. असा वुजू होतो का, असे मी लहानपणी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "मेंदी लावलेल्या हातांनी होतो ना? तसाच हा. रंग मुरलाय, थर नाही बसलेला. नेलपॉलिश लावलंस तर नाही होणार, त्याच्याखाली पाणीच पोचत नाही."

हे उत्तर मला बऱ्याच वर्षांनी कामाला आले, तेही त्यांच्याच दुखण्यात.

2011 साल. मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळची लोकल, विठ्ठलवाडीच्या आधी उतरायचे, आणि बाराच्या सुमारास माझेही हात अब्बांसारखे जांभळे. आमचे पहिले मोठे प्रॅक्टिकल ग्रॅम स्टेनचे होते. काचेवर जंतूंचा पातळ लेप, त्यावर क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग काही सेकंद अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन. सगळ्यांना रंग तोच, धुणेही तेच. फरक पडतो तो अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांत. ज्यांची भिंत जाड असते ते जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भिंतीवाल्यांचा रंग निघून जातो आणि ते मागून आलेला सॅफ्रानिनचा गुलाबी घेतात. (सॅफ्रानिन हे नाव केशरावरून, म्हणजे आपल्या जाफरानवरून आले आहे. कळले तेव्हा उगाच आनंद झाला होता. रंग मात्र कारखान्यात बनतो, केशराचा त्यात कणही नाही.)

हान्स क्रिस्टियन ग्रॅम हा डेन्मार्कचा तरुण डॉक्टर. न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसांत जंतू नीट दिसावेत म्हणून त्याने 1884 मध्ये बर्लिनमध्ये ही रीत शोधली, आणि ती अपुरी आहे असे स्वतःच लिहून ठेवले. आज जगातली प्रत्येक लॅब तिनेच सुरुवात करते. परीक्षेत आमचा गोंधळ व्हायचा तो 'निगेटिव्ह' या शब्दाचा. ग्रॅम निगेटिव्ह म्हणजे जंतू नाही असे नव्हे. जंतू आहे, त्याने जांभळा रंग सोडला, एवढेच. या शब्दाने आमच्या घरी पुढे जो घोळ घातला तो परीक्षेतल्यापेक्षा महाग पडला असता.

अब्बा दिवाळीच्या सुमारापासून खोकत होते. कारखान्याची भुकटी, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. वजन उतरले, संध्याकाळी अंग गरम लागू लागले, तरी भुकटीच. कारण दुसरा शब्द घरात उच्चारायचा नव्हता. आपाचा निकाह ठरला होता. "मुलीच्या बापाला टीबी" हे वाक्य चाळीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला किती वेळ लागतो, ते अम्मीला ठाऊक होते. शेवटी स्टेशनजवळच्या एका खासगी लॅबमध्ये तपासणी झाली. रिपोर्ट आला: निगेटिव्ह. अम्मीने शुक्राने की नमाज पढली आणि कागद कपाटात साड्यांखाली ठेवला.

मी तो काढून वाचला. शब्द होते, 'आम्लरोधी जंतू आढळले नाहीत'. एकच नमुना. मी अब्बांना विचारले, डबीत काय दिलंत? ते म्हणाले, "थुंकलो. दुपारी. त्यांनी डबी दिली, मी थुंकलो."

त्याच महिन्यात आम्हाला दुसरी रीत शिकवली होती, झील-नील्सन. क्षयाचा जंतू ग्रॅमच्या रंगांना नीट दाद देत नाही, कारण त्याच्या भिंतीत मेणासारखा थर असतो. अब्बांचे नेलपॉलिश! पाण्यातला रंग आत जातच नाही. म्हणून कार्बोल फुक्सिनचा लाल रंग ओतून काचेला खालून ऊब द्यायची, वाफ दिसेपर्यंत, उकळू द्यायचे नाही, आणि पाच मिनिटे थांबायचे. आता रंग आत शिरतो. मग त्यावर 25 टक्के गंधकाम्ल. बाकी सगळे, पेशी, इतर जंतू, रंग सोडून देतात. मेणाच्या आत अडकलेला रंग ॲसिडलाही निघत नाही. शेवटी मेथिलीन ब्लू. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या. रॉबर्ट कॉखने हा जंतू जगाला दाखवला 24 मार्च 1882 ला, आणि झील व नील्सन या दोघांनी पुढच्या वर्षा-दीड वर्षात रंगवण्याची ही रीत बसवली.

पण रंग कितीही चांगला असला तरी काचेवर जंतू आलाच नसेल तर तो काय रंगवणार? एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात, तेव्हा कुठे ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. आणि लाळेत ते जवळजवळ नसतातच. लॅबवाल्याने जे दिसले तेच लिहिले होते. ते घरी येईपर्यंत 'अब्बांना काही नाही' असे झाले.

अम्मीशी माझे भांडण झाले. "एकदा निगेटिव्ह आलंय ना? मग पुन्हा कशाला उकरतेस? आपाचा विचार कर." मी आपाचाच विचार करत होते. ती त्याच दहा बाय बाराच्या खोलीत झोपत होती. अब्बांना मी मेंदी आणि नेलपॉलिशची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "डबी आण."

सरकारी केंद्रात तपासणी फुकट होती. दोन नमुने, एक तिथेच, एक दुसऱ्या दिवशी सकाळचा. मी पहाटे उठून बसले. अंगणात उभे राहून, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेले, घट्ट, पिवळसर. मी ती डबी ओढणीच्या टोकात धरून नेली. तिथल्या टेक्निशियनबाईंनी, मी या विषयाची विद्यार्थिनी म्हणून, मला भिंगातून पाहू दिले. निळ्यात बारीक गुलाबी-लाल काड्या, काही जोडीने, काही आडव्यातिडव्या. वर्गात स्लाईड पाहताना आम्ही "वा, सुंदर" म्हणत असू. रंग अगदी अब्बांच्या हातांवरचा होता. रिपोर्टवर लिहिले होते 2+, म्हणजे भिंगातल्या प्रत्येक क्षेत्रात सरासरी एक ते दहा.

लाल खोका आला. त्या काळी पहिल्यांदा उपचार घेणाऱ्यांच्या सहा महिन्यांच्या औषधांचा खोका लाल असे. आठवड्यातून तीनदा, कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गोळ्या गिळायच्या. पहिल्याच दिवशी अब्बा संडासातून घाबरून आले. लघवी नारिंगी झाली होती. "रक्त आहे का? नमाजीला बसू की नको?" रिफाम्पिसिनचा रंग होता तो. आयुष्यभर बाहेरून रंगलेला माणूस आता आतून रंगला, असे म्हणून आपा हसली. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसले.

मग आपानेच फोन करून होणाऱ्या नवऱ्याला सांगितले. अम्मी दोन दिवस जेवली नाही. तिकडून निरोप आला: लग्न मोडत नाही, पण दोन महिन्यांनंतरची तपासणी होऊ द्या, कागद पाहू, मग तारीख. तिच्या होणाऱ्या सासूचा मला राग आला होता. आज वाटते, तिने मागितले ते चुकीचे नव्हते, मागण्याची तऱ्हा कडू होती.

आता पहिल्या निदानाला कार्ट्रिज आणि चिपची यंत्रे आहेत. त्यातले ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे. जंतूचा डीएनए शोधतात, औषध लागू पडेल का तेही सांगतात. तरी औषध चालू असताना जंतू कमी होतात का, हे पाहायला अजून काच रंगवतात. मीही रोज रंगवते. आणि नमुना लाळेचा असला की डबी परत देते. लोक चिडतात, लांबून आलेले असतात. मी पुन्हा सांगते, चूळ भरा, खोल श्वास घ्या.

दोन महिने पूर्ण झाले त्या दिवशी अब्बा एकटेच केंद्रात गेले. मी कॉलेजातून परतले तेव्हा ते ओट्यावर बसले होते, आपा शेजारी. कागदावर निगेटिव्ह होते. अम्मी माझ्याकडे पाहत होती. मी चपला काढायच्या आधीच विचारले, "अब्बा, डबीत काय दिलंत?"

"बेडका," ते वैतागून म्हणाले. "थुंकी नाही. बेडका. दोन्ही वेळा."