अर्धें छायाचित्र

सन १९७२ च्या दिवाळींत आमच्या घरीं आगफा क्लिक थ्री जातीचा एक साधा कॅमेरा आला. मामंजी व सासूबाई काशीयात्रेस निघाल्या होत्या, त्यांजसाठीं ह्यांनीं तो घेतला होता. मामंजींनीं तो पेटींतून बाहेरही काढला नाहीं, आणि यात्रेहून परतल्यावर तो माझ्या हातीं पडला.

सदाशिव पेठेंतील आमच्या वाड्यांत तेव्हां चौदा माणसें होतीं. दुपारीं जो अर्धा तास मोकळा मिळे तेवढ्यांत मी कॅमेरा घेऊन चौकांत उभी राहत असें. एका फिल्मवर बाराच छायाचित्रें निघत, आणि फिल्म घ्यावयाची म्हणजे घरखर्चाला चिमटा. त्यामुळें बटण दाबण्यापूर्वीं नीट पाहण्याची संवय लागली. तुळशीवृंदावनावर ऊन कोणत्या वेळीं तिरपें येतें, तांदूळ पाखडतां पाखडतां सासूबाईंचा हात कसा क्षणभर थांबतो, हें मला तेव्हां दिसूं लागलें. लग्न होऊन सहा वर्षें मी त्या चौकांत वावरत होतें. पण चौक पाहिला तो त्या कॅमेऱ्यामुळें.

फोटो धुण्याचा खर्च वांचावा म्हणून तें काम मी पुस्तकावरून शिकलें. कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. दाराच्या फटींत जुन्या गोधड्या कोंबून रात्रीं तेथें काळोख करावयाचा, आणि उन्हाळ्यांत औषधाचें पाणी वीस अंशांवर राहावें म्हणून ट्रेखालीं बर्फाची परात ठेवावयाची. सासूबाईंनीं प्रथमच बजावलें होतें, “तुझीं तीं औषधाचीं पाणीं माझ्या भांड्यांना लागतां कामा नयेत हो!” म्हणून तामचिनीचे तीन ट्रे आणि एक परात निराळी घेतली. पण एके रात्रीं त्या स्वतःच आंत येऊन बसल्या. तांबड्या दिव्याच्या उजेडांत, पाण्याखालच्या कोऱ्या कागदावर त्यांचाच चेहरा हळूहळू उमटूं लागला. पुष्कळ वेळ त्या कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “माझ्या आईचें तोंड असें कोठें उमटलें असतें तर!” त्यांच्या आईचें एकही छायाचित्र नव्हतें. पुढच्याच महिन्यांत आपल्या गांठीच्या पैशांतून त्यांनीं मला जुना एन्लार्जर घेऊन दिला.

शेजारणी आपल्या मुलांचे फोटो काढून मागूं लागल्या, आणि पैसे घ्यावे कीं न घ्यावे हा प्रश्न उभा राहिला. मामंजी म्हणाले, “सूनबाई, छंद घरांत शोभतो. लोकांचे पैसे घेतलेस कीं तूं लोकांची बांधलीस.” मीं म्हटलें, “दादासाहेब फाळके तर शास्त्र्यांचे चिरंजीव; त्यांनींही गोध्र्यास फोटोचा स्टुडिओ काढलाच ना?” ते हंसून म्हणाले, “काढला, आणि गुंडाळलाही!” तथापि त्यांनीं मना केलें नाहीं. वाड्याच्या दारावर पाटी लागली. तिजवर नांव माझें असावें हा आग्रह ह्यांचाच. होमाई व्यारावाला यांचीं आरंभींचीं छायाचित्रें पतीच्या नांवानें छापलीं गेलीं होतीं, हें पुढें वाचनांत आलें तेव्हां मला त्या आग्रहाचें मोल कळलें.

सन १९७८ च्या वैशाखांत एका घरच्या मुंजीचें काम आलें. तोंवर मीं एक जुना पण चांगला कॅमेरा आणि फ्लॅश घेतला होता. त्या कॅमेऱ्याच्या पडद्याची रचना अशी, कीं फ्लॅशचा उजेड पडतेवेळीं संबंध पडदा उघडा हवा. त्यासाठीं वेगाची चकती साठावर ठेवावी लागे. सकाळीं अंगणांतल्या उन्हांत घाणा भरण्याचे फोटो घेतांना मीं ती अडीचशेंवर नेली होती. मातृभोजनाची हांक आली तशी घाईनें आंत गेलें, आणि चकती तशीच राहिली.

रात्रीं फिल्म धुतली तेव्हां पोटांत धस्स झालें. मातृभोजनाचीं पांचही चित्रें अर्धींच आलीं होतीं. ताट होतें, बटूचा चेहरा होता, घास देणारा हात होता. आणि आईच्या जागीं नुसता कोरा पट्टा. फिल्मच सदोष निघाली असें सांगितलें असतें तर कोणालाही खरें वाटलें असतें. तें मनांत आलें नाहीं असें मी म्हणणार नाहीं.

मामंजी पाणी पिण्यास उठले होते. मीं त्यांना सर्व सांगितलें. ‘मी म्हटलें नव्हतें का?’ असें ते म्हणाले नाहींत. एवढेंच म्हणाले, “छंदांतली चूक आपली आपल्यापाशीं राहते. ही दुसऱ्याची झाली आहे. उजाडतांच जा.”

मी गेलें. झालें तें सांगून सारे पैसे त्या बाईंपुढें ठेवले. मातृभोजन पुन्हां करतां येत नाहीं, हें दोघींनाही बोलून दाखविण्याची गरज नव्हती. त्या बराच वेळ तो अर्धा फोटो पाहत राहिल्या. डोळे भरून आले होते. शेवटीं म्हणाल्या, “माझ्या हातचा घास तर आला आहे ना? असूं दे.” पैसे त्यांनीं घेतले, तेंच योग्य होतें.

सन १९८१ त त्यांच्या धाकट्याची मुंज झाली, तेव्हां त्यांनीं पुन्हां मलाच बोलावलें. त्या दिवशीं ती चकती मीं किती वेळां पाहिली असेल, सांगतां येत नाहीं.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनांत आहे, आणि चूक तत्क्षणीं दिसते. माझा व्यवसाय आतां पुतणी पाहते. ती लग्नाचें प्रत्येक चित्र एकाच वेळीं दोन कार्डांवर उतरवून घेते. ही काळजी तिला कोणी शिकविली असें लोक विचारतात. माझ्या कपाटांत त्या अर्ध्या फोटोची एक प्रत आहे. काम शिकावयास आली त्या दिवशीं सर्वांत आधीं तीच मीं तिच्या हातीं दिली होती.

घरांतल्या लेकीसुनेला एखादा छंद जडला आणि त्याचा व्यवसाय करावा असें तिला वाटलें, तर वडीलधाऱ्यांनीं अवश्य करूं द्यावा. मात्र दुसऱ्याच्या घरचा न परतणारा क्षण आपल्या हातीं सोंपविला जात आहे, एवढें तिला पहिला रुपया घेण्यापूर्वीं कोणीतरी सांगावें. मला तें मामंजींनीं सांगितलें होतें. समजावयास मात्र एक मुंज खर्ची पडली.