आडरानातील अस्वल आणि बारा बोअरची गोळी

अलास्कात रस्ता संपल्यानंतरचा प्रवास तरंगत्या विमानाने, होडीने किंवा पायी करावा लागतो, आणि अशा आडरानात काम करणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या, मासळीची गणती करणाऱ्यांच्या किंवा वनकर्मचाऱ्यांच्या खांद्यावर अनेक दशके जे हत्यार दिसत आले आहे ते पुष्कळदा मोठ्या शिकारीची रायफल नसून साधी बारा बोअरची पंप बंदूक असते. ही बंदूक मुळात उडत्या पाखरासाठी घडली. तिची नळी आतून गुळगुळीत असते, म्हणजे गोळीला गरगर फिरवून स्थिर करणारे रायफलीतील आटे तिच्यात नसतात, आणि तिचा पल्लाही तोकडा असतो. तरीही ती स्वस्त आहे, चिखलापावसात चालते आणि जवळच्या अंतरावर चटकन खांद्याला लागते, म्हणून ती टिकली. मात्र पाचशे किलोंचे तपकिरी अस्वल झुडपातून समोर येते तेव्हा या साऱ्या गुणांचा निकाल तिच्या पोटातील काडतूस कोणते यावर लागतो, आणि काडतुसाची निवड हीच या विद्येतील सर्वांत कमी समजून घेतलेली बाब आहे.

‘बोअर’ हे माप जुन्या काळच्या तराजूतून आले आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर त्यांतील प्रत्येक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची, आणि तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यामुळे आणि गावोगावच्या परवानाधारकांमुळे हा शब्द महाराष्ट्रालाही परका नाही, पण इथे त्या शब्दाबरोबर बहुधा छर्रे आठवतात. छर्ऱ्यांचे सर्वांत परिचित मोठे काडतूस म्हणजे अमेरिकेत ‘डबल ऑट’ म्हणून ओळखले जाणारे, ज्यात साधारणपणे नऊ गोल छर्रे असतात आणि प्रत्येकाचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते. अस्वलासमोर हे काडतूस निरुपयोगी मानावे, कारण गोल आणि हलका छर्रा केस, चरबी आणि खांद्याचे जाड स्नायू ओलांडताना आपला वेग झपाट्याने गमावतो, आणि नऊ उथळ जखमांची बेरीज एका खोल जखमेइतकी कधीच होत नाही.

म्हणून प्रश्न उरतो तो स्लगचा, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी नळीच्या मापाची एकच जड गोळी भरलेल्या काडतुसाचा. स्लग म्हटले की सारे एकच, असा समज दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा सहसा असतो, आणि तो चुकीचा आहे.

अमेरिकेत सर्वाधिक खपणारा प्रकार कार्ल फॉस्टर याने १९३१ मध्ये सिद्ध केला. रायफल विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते त्यांना घरातल्याच बंदुकीने हरीण मारता यावे, हा त्यामागचा हेतू होता, आणि त्याची युक्तीही साधी होती: मऊ शिशाची टोपणासारखी गोळी, पुढून भरीव आणि मागून पोकळ, जेणेकरून सगळा भार पुढच्या टोकाशी राहील आणि बॅडमिंटनच्या फुलासारखी ती न फिरताही सरळ जाईल. तिच्या अंगावर तिरप्या रेघा असतात, त्या गोळीला फिरवतात असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्या फिरकीला फारसा अर्थ नसतो. नळीचे तोंड किंचित आवळलेले असेल तर शिशाला दबायला जागा मिळावी, हा त्यांचा खरा उपयोग. या गोळीचे वजन बहुधा एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, आणि नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला ४७५ मीटरच्या आसपास असतो. हरणाच्या बरगड्यांत ती शिरली की मऊ शिसे चपटे होते, जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडते. हरणासाठी याहून अधिक काही लागत नाही.

दुसरा प्रकार याहून जुना आहे. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके याने १८९८ मध्ये जी गोळी बनवली ती भरीव होती, आणि तिच्या बुडाला दाबलेल्या फेल्टची डाट स्क्रूने जोडलेली होती. डाट म्हणजे दारू आणि गोळी यांच्यामधला अडसर, जो एरवी नळीबाहेर पडताच गळून जातो. ब्रेनेकेने तो गोळीलाच बांधून ठेवला आणि त्याचा शेपटासारखा उपयोग करून घेतला, त्यामुळे गोळी पोकळ करण्याची गरजच उरली नाही. या घराण्यातील आजच्या काही गोळ्यांत शिशात अन्य धातू मिसळून ते कडक केलेले असते, आणि ७६ मिलिमीटरच्या मोठ्या काडतुसात गोळीचे वजन ३९ ग्रॅमपर्यंत जाते. अशी गोळी हाडावर आदळूनही फारशी पसरत नाही. ती आकार टिकवते आणि पुढे जात राहते.

तिसरा प्रकार सॅबोचा, ज्यात नळीच्या व्यासापेक्षा लहान गोळी प्लॅस्टिकच्या आवरणात बसवलेली असते आणि आवरण नळीबाहेर गळून पडते. त्याला आटे असलेली नळी लागते, आणि त्याची करामत शंभर मीटरवरच्या हरणासाठी आहे. गुळगुळीत नळीतून तो भरकटतो. इथे त्याचा विचार सोडून द्यावा.

निवडीचा गाभा एका साध्या विरोधात आहे: हरणाच्या काडतुसात जो गुण मानला जातो तोच अस्वलासमोर दोष ठरतो. पसरणारी गोळी आपला जोर रुंदीत खर्च करते. अंगावर येणारे अस्वल मात्र कुशीतून नव्हे, समोरून दिसते. खाली घातलेले डोके, उतरते कपाळ, त्यामागे मानेचा आणि खांद्याचा डोंगर अशा क्रमाने ते येते, आणि हृदय, फुप्फुसे किंवा कण्यापर्यंत पोचण्यासाठी गोळीला मांस आणि हाड यांतून हातभराहून अधिक अंतर कापावे लागते. मेंदू लहान असतो, नाकाडाच्या मागे खोल दडलेला असतो, आणि डोके सतत खालीवर होत असते, त्यामुळे कवटीवर नेम धरण्याचा सल्ला कागदावरच शोभतो. खांदा मोडला तर अस्वल कोसळते किंवा निदान वळते, आणि खांदा मोडून पुढेही जाऊ शकेल अशी गोळी ही भरीव, जड आणि कडकच असावी लागते.

काडतुसाच्या डब्यावर छापलेला ऊर्जेचा आकडा या बाबतीत दिशाभूल करतो. ७६ मिलिमीटरच्या काडतुसातील मऊ, हलकी, वेगवान फॉस्टर गोळी आणि तेवढ्याच काडतुसातील कडक, जड, जरा संथ ब्रेनेके गोळी यांचा आकडा जवळजवळ सारखाच, चार हजार जूलच्या आसपास निघतो, आणि तरीही एक गोळी खांद्याच्या हाडावर चपटी होते तर दुसरी त्यापलीकडे जाते. ती ऊर्जा आत कुठवर नेली जाते हे आकडा सांगत नाही. अमेरिकेच्या वनसेवेने अस्वलांच्या प्रदेशातील आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १९८३ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला, ज्यासाठी सुमारे चौदा मीटरवरून निरनिराळ्या बंदुकांच्या गोळ्या झाडून त्या किती खोल जातात आणि किती शाबूत राहतात हे मोजले होते. त्यात वरचे क्रमांक मोठ्या रायफलींच्या जड गोळ्यांनी पटकावले. बारा बोअर ही जवळच्या अंतराची तडजोड आहे हे ओळखूनच ती खांद्यावर घ्यावी.

मग सर्वांत जड, सर्वांत जोरदार काडतूस घ्यावे आणि मोकळे व्हावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. इथे मात्र हिशेब उलटतो. अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने धावू शकते, म्हणजे तीस मीटर अंतर ते दोन सेकंदांच्या जरा पुढेमागे संपवते, आणि झाडीच्या प्रदेशात तीस मीटर म्हणजे बरीच उदार कल्पना झाली. एवढ्या वेळात बंदूक खांद्याला लावणे, नेम धरणे, चाप ओढणे, हातपकड मागे-पुढे करून दुसरे काडतूस नळीत आणणे आणि पुन्हा नेम धरणे हे सारे व्हायचे असते. ७६ मिलिमीटरच्या जड काडतुसाचा धक्का खांद्याला असा बसतो की नळी आभाळाकडे जाते, आणि ज्याने तो धक्का चारदोनदाच खाल्लेला असतो त्याचे शरीर पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच आक्रसते. घाईत हातपकड पूर्ण मागे न नेण्याची चूक पंप बंदुकीत नेहमीची आहे, आणि त्यानंतर चाप ओढला तर फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणून ७० मिलिमीटरच्या काडतुसातील, ३० ग्रॅमच्या पुढेमागे वजनाची भरीव ब्रेनेके गोळी बहुतेक माणसांसाठी अधिक शहाणपणाची ठरते, कारण तिच्यामागून दुसरी गोळीही नेमाने जाऊ शकते. पहिलीवर सगळे सोपवणे हा जुगार आहे.

काडतुसाइतकीच नळीही पाहावी लागते. ७० मिलिमीटरच्या कोठीत ७६ मिलिमीटरचे काडतूस बसल्यासारखे दिसते, कारण ही मापे काडतुसाचे मिटलेले तोंड उघडल्यानंतरची असतात. ते तोंड नळीत उघडायला जागा उरली नाही तर दाब धोकादायक वाढतो. नळीच्या तोंडाची आवळण, जिला चोक म्हणतात, ती स्लगसाठी शक्य तितकी कमी असावी. पाखरांच्या बंदुकीवर पुढे एकच मणी असतो आणि त्याच्या भरवशावर घाईत गाल दस्त्यावरून उचलला गेला की गोळी हमखास वरून जाते, तेव्हा मागेपुढे दोन्ही दृष्टिखुणा असलेली नळी घेणे योग्य. आणि कोणतेही स्लग विश्वासाने खिशात टाकण्यापूर्वी त्याच बंदुकीतून, त्याच डब्यातील काडतुसे कागदावर झाडून पाहावीत, कारण एकाच कारखान्यातल्या दोन बंदुकाही एकाच गोळीला वेगळी वागणूक देतात. काही जण पहिले काडतूस छर्ऱ्यांचे आणि पुढची स्लगची अशी मिसळ भरतात. कोणत्या क्षणी कोणते काडतूस नळीत आहे हे भेदरलेल्या माणसाला आठवेल, या गृहीतकावर ती पद्धत उभी आहे आणि म्हणूनच ती टाकाऊ आहे.

हे सारे तपकिरी अस्वलाला धरून आहे. उत्तर अमेरिकेचे काळे अस्वल बरेच लहान असते आणि त्याच्यासाठी फॉस्टरची मऊ गोळीही पुरते. मेळघाटात, गडचिरोलीत किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या परिसरात मोहाची फुले वेचणाऱ्यांना गाठणारे आपल्याकडचे अस्वल आकाराने त्याच वर्गातले, स्वभावाने मात्र अधिक तापट. पण त्या वेचणाऱ्यांच्या हातात काठी किंवा कुऱ्हाड असते, आणि काडतुसांची चर्चा तिथे एक चैनच ठरेल.

काडतुसाबद्दल इतके लिहिल्यावर हेही नोंदवले पाहिजे की अलास्कातल्या अनुभवाची मोजदाद बंदुकीच्या बाजूने फारशी बोलत नाही. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तपकिरी अस्वलांचे नको असलेले वर्तन थांबवण्यात तो ९२ टक्के प्रसंगी यशस्वी झाल्याचे दिसले. त्यांनीच २०१२ मध्ये बंदुकांच्या २६९ प्रसंगांची छाननी केली, त्यात लांब नळीच्या बंदुकांचे यश ७६ टक्के होते, आणि अपयशाच्या कारणांत काडतुसाच्या जातीपेक्षा वेळ न मिळणे हे कारण ठळक होते. दोन्ही अभ्यासांतील प्रसंग सारखे नव्हते, त्यामुळे हे आकडे शेजारी मांडून सरळ वजाबाकी करू नये. तरीही कमरेला फवारा आणि खांद्याला बंदूक हीच जोडी योग्य, आणि हात आधी कमरेकडे जावा. फवारा वाऱ्याविरुद्ध फसतो आणि प्रवासी विमानात न्यायला मनाई आहे. आडरानात उतरवणारे छोट्या विमानांचे वैमानिक तो केबिनमध्ये न घेता विमानाच्या तरंडीत किंवा बाहेर बांधून नेतात, कारण हवेत असताना तो फुटला तर वैमानिकाचेच डोळे जायचे.

गोळी झाडल्यानंतरची बाजू कायद्याची. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ नुसार स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्हेतूने जनावर मारणे हा गुन्हा ठरत नाही, मात्र ते जनावर सरकारची मालमत्ता होते. अलास्काचा कायदा याच धर्तीचा पण अधिक कष्टाचा आहे. अन्न किंवा कचरा उघडा टाकून अस्वलाला बोलावले असेल तर बचावाचा दावा टिकत नाही. दावा टिकला तरी मारणाऱ्याने अस्वलाचे कातडे नख्यांसकट स्वतः सोलायचे, कवटी वेगळी करायची, दोन्ही आडरानातून बाहेर काढून राज्याच्या मत्स्य व शिकार विभागाच्या हवाली करायची आणि पंधरा दिवसांच्या आत लेखी जबाब द्यायचा असतो.