झाकणाच्या आतली खूण

स्वित्झर्लंडमधल्या नशातेलहून निघालेली छोटी गाडी अर्ध्या वाटेवर शाँब्रलिएँ स्टेशनात शिरली आणि थांबली. पुढे रूळच नव्हते. चालक दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये गेला आणि मघाचा शेवटचा डबा आता पहिला झाला. चढ मोठा, म्हणून गाडी इथे तोंड फिरवून डोंगर चढते. बोरघाटात पूर्वी असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, त्याची आठवण झाली.

जॅकेटच्या आतल्या खिशात बाबांचं फेवर-ल्युबा घड्याळ होतं, रुमालात गुंडाळलेलं. मुंबईत फोर्टमधल्या दुकानातून त्यांनी ते पहिल्या बोनसचे पैसे मोडून घेतलं होतं. ते गेले आणि घड्याळाला किल्ली देणारं कुणी उरलं नाही. पुढे मी किल्ली दिली, तर काटे जागचे हलेनात. ही घड्याळं बनवणाऱ्या फाव्र घराण्याचं मूळ याच ज्युरा डोंगरातल्या ल लोक्ल गावचं. अब्राहम फाव्र यांचं नाव तिथे घड्याळजी म्हणून १७३७ सालापासून लागलेलं आहे आणि एकोणिसाव्या शतकात या घराण्याची घड्याळं मुंबईच्या बाजारात आली. घड्याळ आतून कसं असतं हे त्याच डोंगरात शिकावं, असं बरीच वर्षं मनात होतं.

ल लोक्लच्या अलीकडे ला शो-द-फाँ लागतं. समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवरचं गाव. १७९४ साली ते आगीत जवळजवळ पूर्ण जळालं आणि पुन्हा बांधताना सरळ, समांतर रस्त्यांवर वसवलं गेलं. उतारावर घरांच्या लांबच लांब रांगा आणि मध्ये बागेच्या पट्ट्या, त्यामुळे पुढच्या घराची सावली मागच्या घराच्या खिडकीवर पडत नाही. घराघरांत घड्याळाचे भाग बनत आणि त्या कामाला उजेड लागे. एकजण चक्रं करी, दुसरा काटे, तिसरा तबकडीवर मीना चढवी. कार्ल मार्क्सनं ‘दास कापिटाल’मध्ये या अख्ख्या गावाला एकच प्रचंड कारखाना म्हटलं, ते यामुळेच. चंदीगडचा आराखडा करणारा ल कॉर्बुझिए १८८७ साली इथेच जन्मला. त्याचे वडील तबकड्यांवर मीनाकाम करत आणि तो स्वतः घड्याळाच्या केसवर कोरीवकाम शिकला होता. युनेस्कोनं २००९ साली ला शो-द-फाँ आणि ल लोक्ल या जोडगावांना जागतिक वारशात घेतलं.

आमची एक दिवसाची कार्यशाळा अशाच एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर होती. शिकवणाऱ्या बाईंनी चाळीस वर्षं याच कामात काढलेली. टेबल छातीच्या उंचीला येईल इतकं उंच, म्हणजे वाकावं लागत नाही, हात टेकतात आणि थरथरत नाहीत. समोर उत्तरेकडची खिडकी. बोटांना रबरी टोप्या, डोळ्याला भिंग. पुढ्यात युनिटास ६४९७ हे यंत्र, ३६.६ मिलिमीटर व्यासाचं. मुळात खिशातल्या घड्याळाचं, म्हणून मोठं आणि शिकणाऱ्याला सोयीचं. याच यंत्रावर नक्षीकाम करून पानेराईनं आपल्या महागड्या घड्याळांत ते बसवलं आहे.

बाई म्हणाल्या, “आधी त्याची ताकद काढून घ्या.” गुंडाळलेल्या कमानीत जोर असतो. तो असताना चक्रांना हात लावला तर ती सुसाट फिरतात आणि दाते मोडतात. चावी दोन बोटांत घट्ट धरायची, अडसर चिमट्यानं बाजूला सारायचा आणि चावी बोटांतून हळूहळू सुटू द्यायची. बोटांवर तो जोर उतरताना स्पष्ट कळतो.

मग बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं चक्र. केसासारख्या बारीक कमानीला लोंबकळत ते आपल्या पुलासकट, म्हणजे वरून आस धरणाऱ्या पट्टीसकट, वर येतं. ही कमान थंडी-उन्हात एकसारखी वागावी म्हणून याच नशातेल परगण्यात फ्लरिए गावी जन्मलेल्या शार्ल एदुआर गियोम यांनी निकेल आणि पोलादाचे मिश्रधातू शोधले. घड्याळजींच्या घरातल्या या माणसाला १९२० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. इतक्या मोठ्या शोधाचं फळ माझ्या चिमट्याला लोंबत होतं आणि मी श्वास रोखून धरला होता.

त्यानंतर दोन माणकं बसवलेला अँकर, मग पूल, मग चक्रं. कमानीच्या डब्याकडून निघालेला जोर तासाला एक फेरा घेणाऱ्या मधल्या चक्राकडे, तिथून तिसऱ्याकडे, पुढे मिनिटाला एक फेरा घेणाऱ्या चौथ्याकडे आणि शेवटी एस्केप व्हीलकडे जातो. अँकर त्याला एकेक दाता अडवतो आणि सोडतो. ती अडवणूक म्हणजेच टिकटिक. तासाला १८,००० ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. काढलेला प्रत्येक भाग ताटलीत क्रमानं मांडायचा आणि त्याचा स्क्रू त्याच्याशेजारीच ठेवायचा, कारण दोन स्क्रू सारखे दिसले तरी लांबी वेगळी असते. दुपारपर्यंत माझ्यासमोर घड्याळ नव्हतंच, होती ती त्याची उतरंड.

जोडणी हे खरं काम. चक्रांचे आस मिलिमीटरच्या एक-दोन दशांश जाडीचे. चारही आस आपापल्या माणकाच्या छिद्रात उभे राहिले तरच वरचा पूल बसतो. मी पूल ठेवला, स्क्रूला हात घातला, तोच बाईंनी माझं मनगट धरलं. “आधी चक्र हलवून बघा.” हललं नाही. एक आस छिद्राच्या कडेवर बसला होता. स्क्रू आवळला असता तर तो तुटला असता. पूल उचलून पुन्हा ठेवला. पाचव्यांदा तो आपल्या वजनानं खाली बसला आणि पहिल्या चक्राला नुसतं टोचताच शेवटचं चक्र गर्रकन फिरलं.

तेल सुईच्या टोकावर येईल एवढंच. जास्त झालं तर पसरतं आणि जिथे हवं तिथून निघून जातं. अँकरच्या आसांना तर तेल मुळीच लावायचं नसतं. मग थोडी किल्ली दिली, बॅलन्स व्हील अलगद खाली सोडलं. त्याच्या पोटाखालचं बारीकसं माणिक अँकरच्या दुबेळक्यात शिरलं आणि चक्र आपलं आपण झुलू लागलं. यंत्र मापकावर ठेवलं, तर दिवसाला अकरा सेकंद पुढे. दिवसाची सेकंदं ८६,४००. त्यात अकरांची चूक, तीही माझ्या हातून जोडलेल्या यंत्रात!

निघताना मी रुमाल सोडला. बाईंनी बाबांच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, पण आधी यंत्राकडे पाहिलंच नाही. झाकण उजेडात तिरकं धरून भिंग माझ्या हाती दिलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या बारीक खुणा होत्या. १९६८. १९७५. १९८३. प्रत्येकीशेजारी काही अक्षरं, त्यांतली एक जोडी चक्क देवनागरी. घड्याळ खोलून साफ करणारा कारागीर झाकणाच्या आत अशी नोंद करून ठेवतो, हे मला ठाऊक नव्हतं. “तीन माणसांनी हे खोललं आणि एकाही स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा नाही,” बाई म्हणाल्या. “चांगल्या हातांत होतं. मोडलेलं काही नाही, तेल सुकलंय.”

त्या ओरखडा नसलेल्या स्क्रूंकडे मी पाहत राहिलो. सकाळपासून शिकलो त्याचं मोल त्यांत दिसत होतं. असं घड्याळ महाग असो की साधं, ते बनवणाऱ्यानं पुन्हा खोलता यावं म्हणूनच बनवलेलं असतं. पुढचा हात येईल हा विश्वास त्या प्रत्येक स्क्रूत आहे. यांत्रिक घड्याळांची कारागिरी स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या वतीनं २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मुंबईतल्या एखाद्या खोक्याएवढ्या दुकानात बसून १९७५ साली हे फेवर-ल्युबा खोलणारा माणूस त्याच कारागिरीचा वारसदार होता, असं मी मानतो.

बाईंनी ते दुरुस्त करायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. ते घड्याळ मुंबईत खोललं जात होतं, तिथेच खोललं जावं असं वाटलं. परतल्यावर गिरगावात एक वयस्क घड्याळजी सापडले. आठ दिवसांनी घड्याळ चालू होऊन हातात आलं. झाकणाच्या आत आता चौथी खूण आहे.

तुमच्या कपाटात वडिलांचं, आजोबांचं असं एखादं घड्याळ पडून असेल, तर उत्साहानं त्याला किल्ली देऊ नका. सुकलेल्या तेलावर आस झिजतात. जवळच्या जुन्या घड्याळजींकडे ते घेऊन जा, झाकण उघडताना शेजारी उभे राहा आणि आतल्या खुणा वाचा. हे काम जाणणारे हात आपल्या गावांत अजून आहेत, तोवरच जा.