पोरं सांभाळायची पदवी

ऑकलंडमध्ये बालशिक्षणाच्या पदविकेला प्रवेश घेतला, असं पुण्याच्या मावशीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘अगं, एम.कॉम. झालीस, बँकेत नोकरी केलीस, आणि आता पोरं सांभाळायला शिकणार? त्याला कशाला हवंय विद्यापीठ?’’ मावशीने स्वतःची मुलं वाढवली, दिरांचीही वाढवली. हे काम बाईला उपजत येतंच, हे तिचं मत. तसं मानणारी ती एकटी नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेकींच्या घरी हाच प्रश्न वेगवेगळ्या भाषांत विचारला गेला होता.

माझी सुरुवात मुलीच्या बालकेंद्रात बदली कामावर झाली. कुणी आजारी पडलं की मला फोन यायचा. मुलांना भरवणं, झोपवणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरणं हे सगळं हाताला सवयीचं होतं. पण तिथल्या पात्र शिक्षिका दुपारी मुलं झोपली की जे बोलायच्या, ते मला कळायचं नाही. ‘‘तो आज तीनदा त्याच उतारावरून गाडी सोडत होता, उद्या उतार बदलून बघू या,’’ असं काहीतरी. मी तोच मुलगा सकाळभर पाहिला होता, आणि मला फक्त खेळणारा मुलगा दिसला होता. हे आपल्यालाही दिसायला हवं, एवढ्याच हट्टाने मी अर्ज केला.

न्यूझीलंडमध्ये शिक्षक म्हणून नोंदणी व्हायची तर वाटेत बऱ्याच चाळण्या आहेत. भारतातली पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे का याची तपासणी, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाची भाषेची आणि अंकगणिताची चाचणी, मग मुलाखत. त्यावर पोलीस पडताळणी. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची सुरक्षा तपासणी २०१४ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि ती दर तीन वर्षांनी पुन्हा होते. बँकेत लाखोंची रोकड हाताळताना माझी एवढी चौकशी झाली नव्हती. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात किमान ८० दिवस प्रत्यक्ष केंद्रात काढावे लागतात, तेही बिनपगारी. घराचा हप्ता, मुलीला शाळेत सोडणं-आणणं आणि रात्रीचे निबंध यांची मोट नवऱ्याने आणि मी कशीबशी बांधली.

वर्गात पहिल्या आठवड्यातच ‘ते फारिकी’ हातात पडलं. हा इथला पाच वर्षांखालच्या मुलांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम. हेलन मे आणि मार्गारेट कार यांनी तमाती आणि टिली रीडी या माओरी दांपत्याला बरोबर घेऊन तो घडवला. १९९६ मध्ये आला, २०१७ मध्ये सुधारला गेला. मी सवयीने अनुक्रमणिका उघडून ज्युनिअरला काय, सीनिअरला काय, अक्षरं कधी, आकडे कुठपर्यंत, हे शोधू लागले. तसं त्यात काहीच नव्हतं. चार तत्त्वं आणि पाच सूत्रं. मुलाचं स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध. मुलाने काय पाठ करायचं याची यादी नाही, त्यामुळे शिक्षिकेला लपायलाही जागा नाही. ‘अभ्यासक्रम पूर्ण केला’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

मग स्वतःची ओळख माओरी रीतीने करून द्यायची वेळ आली. माओरी माणूस आधी आपला डोंगर सांगतो, नदी सांगतो, पूर्वज सांगतो आणि शेवटी स्वतःचं नाव. आम्ही बाहेरून आलेल्यांनी काय सांगायचं, यावर वर्गात चांगलाच वाद झाला. इथल्या डोंगरावर आपण हक्क सांगू नये, हे प्राध्यापिकेने स्पष्ट केलं. मी म्हटलं, माझ्याकडे माझा आहे. मी जुन्नरची. शिवनेरी माझा डोंगर आणि कुकडी माझी नदी. टोंगाची एक वर्गमैत्रीण म्हणाली, तुझ्या डोंगराबद्दल अजून सांग. मी किल्ल्याबद्दल, लेण्यांबद्दल, कुकडीच्या पुराबद्दल बोलत राहिले आणि माझी ठरलेली मिनिटं कधी संपली कळलं नाही. ही कसरत कशासाठी होती ते पुढे केंद्रात उमगलं. दाराशी येणाऱ्या प्रत्येक मुलामागे असा एक डोंगर उभा असतो, आणि तो विचारल्याशिवाय दिसत नाही.

खरं शिक्षण प्रॅक्टिकममध्ये, म्हणजे केंद्रातल्या त्या बिनपगारी दिवसांत झालं. तिथे आपल्यावर एक अनुभवी शिक्षिका नेमलेली असते, तिला असोसिएट टीचर म्हणतात. माझी असोसिएट साठीला आलेली, बुटकी, कायम गुडघ्याला माती लागलेली बाई. तिचा एकच प्रश्न असायचा, ‘‘हे तू का केलंस?’’ आवाजात जाब नसे. मी मुलाला बूट घालून दिले, का? रडणाऱ्या मुलीला लगेच उचललं, का? दुसऱ्या वेळी उचललं नाही, ते का? प्रत्येक कृतीला कारण हवं आणि ते मुलाच्या बाजूने हवं. ‘‘उशीर होत होता’’ हे कारण माझ्या बाजूचं, ते चालायचं नाही.

पहिले काही दिवस मी तान्ह्यांच्या खोलीत होते. दोन वर्षांखालच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस, हा नियम. नॅपी बदलणं हे माझ्या हिशेबी दीड मिनिटाचं काम. तिथे मी ते नव्याने शिकले. आधी बाळासमोर खाली बसायचं. ‘‘मी तुझी नॅपी बदलणार आहे’’ असं सांगून दोन्ही हात पुढे करायचे आणि थांबायचं. आठ महिन्यांचं बाळ काय कळून घेणार, असं मला वाटत होतं. ते आधी माझ्या हातांकडे बघायचं, मग तोंडाकडे. चार-पाच सेकंद काहीच व्हायचं नाही. मग खांदे किंचित पुढे यायचे आणि हात वर व्हायचे. तेवढं झालं की उचलायचं. टेबलावर ‘‘आता पाय वर’’ म्हटलं की काही दिवसांनी ते स्वतःहून पाय उचलू लागलं. ही पद्धत बुडापेस्टच्या डॉक्टर एमी पिक्लर यांची. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये त्यांनी अनाथ बाळांसाठी घर काढलं, आणि रोजच्या अंघोळ-भरवण्यातूनच बाळाशी नातं जुळतं हे तिथे दाखवून दिलं. वर्गात हे वाचताना परीक्षेपुरतं वाटलं होतं. त्या बाळाचे खांदे पुढे आले तेव्हा ते पटलं.

झोपण्याच्या खोलीचा धडा वेगळाच होता. तिथे दर पाच ते दहा मिनिटांनी आत जाऊन प्रत्येक मुलाचा श्वास, ऊब आणि एकूण अवस्था बघायची आणि तक्त्यावर वेळ टाकून सही करायची. आत अंधूक उजेड. छातीची हालचाल दिसली नाही तर वाकून गालाजवळ हात धरायचा. बाहेर कितीही गडबड असो, हे चुकवायचं नाही. नळाच्या गरम पाण्याचं तापमानसुद्धा ४० अंशांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. अशा बारीकसारीक नियमांची आधी मौज वाटायची. पण ‘‘आमच्याकडे मुलं अशीच वाढली’’ या वाक्यात जी वाढली नाहीत ती मोजलेली नसतात, हे लक्षात आल्यावर मी त्या तक्त्यावर मुकाट्याने सही करू लागले.

मोठ्या मुलांच्या अंगणात मला निरीक्षण लिहायचं काम मिळालं. तीन वर्षांचा एक मुलगा, घरी मँडरिन बोलणारा, केंद्रात जवळजवळ मुका. पाण्याच्या टबापाशी तासन्‌तास उभा. सहायिका म्हणाल्या, तो काही करत नाही, नुसता पाणी ओततो. असोसिएटने मला वही दिली आणि सांगितलं, त्याला काही विचारू नकोस, सुचवू नकोस, बघ आणि लिही. हे मला फार जड गेलं. आपल्याकडे मोठ्या माणसाने मुलाजवळ नुसतं बसायचं म्हणजे कामचुकारपणा. तोंडात ‘हे काय आहे? कोणता रंग?’ आपोआप येतं.

मी बसले. त्याने चाळणीत पाणी ओतलं, ते गळून गेलं. पुन्हा ओतलं. मग चाळणीखाली डावा तळवा धरला आणि धारा तळव्यावर घेतल्या. मग नरसाळं उचललं, त्याच्या खाली तळवा धरला. इथे एकच धार. त्याने चाळणीकडे पाहिलं, नरसाळ्याकडे पाहिलं, आणि नरसाळ्याचं तोंड बोटाने बंद करून ते काठोकाठ भरलं. मग बोट काढलं आणि हसला. एवढं व्हायला वीसेक मिनिटं लागली असतील. मी मध्ये ‘व्हेरी गुड’ जरी म्हटलं असतं तरी ते घडलं नसतं. दुसऱ्या दिवशी आम्ही टबापाशी प्लास्टिकची नळी ठेवली. त्याने ती नरसाळ्याला लावली आणि दुसरं टोक शेजारच्या मुलीच्या बादलीत सोडलं. ती ओरडली, ‘‘मोअर!’’ तोही म्हणाला, ‘‘मोअर.’’ केंद्रात आम्ही ऐकलेला त्याचा पहिला शब्द.

हे सगळं मी ‘शिकण्याची गोष्ट’ म्हणून लिहिलं. गुणपत्रिकेऐवजी अशी गोष्ट लिहायची रीत मार्गारेट कार यांनी रुजवली. काय पाहिलं, त्यात कोणतं शिकणं ओळखलं आणि पुढे काय करायचं, अशी तिची मांडणी. ती मुलालाही वाचून दाखवायची, पालकांनाही द्यायची. त्याची आजी संध्याकाळी न्यायला येई. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती फोटोंवर बोट ठेवत गेली आणि नळीच्या फोटोशी थांबून तिने हातवारे करून काहीतरी समजावलं. नंतर सुनेकडून कळलं, आजोबांचं शेत होतं आणि नातू तिथे पाटाचं पाणी बघत बसायचा. त्याचा डोंगर आम्हाला असा सापडला.

माओरी रीतभात शिकताना मात्र मला आजी आठवायची. इथे जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही. डोकं पवित्र, म्हणून डोक्याच्या उशीवर बसायचं नाही. स्वयंपाकाची फडकी आणि मुलांचे मळके कपडे एकत्र धुवायचे नाहीत. ‘‘उशीवर बसू नको, गळू होईल,’’ हे मी जुन्नरच्या वाड्यात शेकडो वेळा ऐकलंय. वर्गातल्या काहींना हे नियम पाठ करावे लागले, माझ्या ते अंगातच होते. पण आमच्या घरातलं सोवळं-ओवळं उशीपाशी थांबत नव्हतं. कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा असायचा. असोसिएटचा ‘का?’ मी या दोन्हींना लावून पाहिला. अन्न आणि मळ वेगळे ठेवण्याचं कारण मुलासमोर सांगता येतं. वेगळ्या कपाचं कारण मला कुठल्याही मुलासमोर सांगता आलं नसतं.

वर्षाच्या मध्यावर ‘सुट्या वस्तूं’वर व्याख्यान झालं. सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेली ही कल्पना. तयार खेळण्यांपेक्षा शिंपले, काटक्या, दगड, दोऱ्या अशा हव्या तशा मांडता येणाऱ्या वस्तू मुलांना जास्त शिकवतात. ऐकताना माझं मन थेट बोर्डीला गेलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती अशी साधनं केली. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडीचं मूळ तिथलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हेच काम वाढलं. मी निबंध याच विषयावर लिहिला. प्राध्यापिकेने शेऱ्यात लिहिलं, की ही नावं वाचनयादीत का नाहीत याचा विचार आम्हीही करायला हवा. मला त्यात आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली, कारण जुन्नरमध्ये वाढूनही मी ताराबाईंबद्दल सविस्तर वाचलं ते ऑकलंडच्या ग्रंथालयात बसून.

शेवटच्या प्रॅक्टिकमला विद्यापीठाची प्राध्यापिका, असोसिएट आणि मी अशी तिघींची बैठक झाली. परीक्षा म्हणावी तर हीच. तासभर मला मुलांसोबत पाहून झाल्यावर प्राध्यापिकेने वाळूच्या हौदावरच्या एका भांडणाबद्दल विचारलं, मी मध्ये का पडले नाही? मी सांगितलं, की दोघांची पकड फावड्यावर होती, एकमेकांवर नव्हती. दोघं बोलत होते, आवाज चढले तरी शब्द संपले नव्हते. मी हाताच्या अंतरावर जाऊन बसले होते, शब्द संपले असते तर तिथे हवी म्हणून. असोसिएटने यावेळी काही विचारलं नाही. तिने कागदावर सही केली.

आता माझ्याकडे हंगामी प्रमाणपत्र आहे. पूर्ण प्रमाणपत्रासाठी निदान दोन वर्षं एका मार्गदर्शक शिक्षिकेच्या हाताखाली काम करायचं, त्याचे पुरावे ठेवायचे, आणि पुढेही दर तीन वर्षांनी नूतनीकरण. पगार बँकेतल्यापेक्षा कमी आहे. शाळेतल्या शिक्षकांइतकं वेतन मिळावं म्हणून इथल्या बालशिक्षिकांनाही वर्षानुवर्षं भांडावं लागलंय. तेव्हा इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही.

पण मावशीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. पोरं सांभाळायला पदवी लागत नाही, हे खरं. कोण्या दुसऱ्याचं मूल, ज्याची भाषा आपल्याला येत नाही, ज्याच्या घरचं काही ठाऊक नाही, ते दिवसाचे आठ तास आपल्या हाती असतं, तेव्हा मायेच्या बरोबरीने विद्या लागते. आपल्याकडे उलटी उतरंड आहे. मूल जितकं मोठं, तितका त्याचा शिक्षक जास्त शिकलेला आणि जास्त पगाराचा. सगळ्यांत खालच्या पायरीवर अंगणवाडी सेविका. १९७५ पासून ती मुलांना शिकवते, आहार देते, वजनं घेते, सर्वेक्षणं करते, आणि तिला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. तिला माझ्यासारखं वर्षभर कुणी शेजारी बसून ‘हे तू का केलंस?’ विचारलं, आणि तिचं उत्तर लिहून घेतलं, तर महाराष्ट्रातल्या बालशिक्षणाचा उत्तम ग्रंथ तयार होईल. त्याची सुरुवात बोर्डीत झालेली आहे. पुढची पानं लिहायला सेविकेला वेळ, प्रशिक्षण आणि पगार द्यावा लागेल.