सही करण्याआधी

आमचा नातू पुण्याला असतो. परवा फोनवर म्हणाला, "आबा, राष्ट्रपती कसा कलामांसारखा असावा. राजकारणाचा वारासुद्धा न लागलेला!" मंडळी, हे वाक्य मी २००२ पासून ऐकत आलोय. कुरुंद्याच्या पारावर, वसमतच्या एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे. कलाम मलाही प्रिय. शेवटच्या दिवशीसुद्धा शिलाँगला मुलांपुढे बोलायला उभा राहिलेला माणूस कुठल्या मास्तराला आवडणार नाही? पण त्या पदाला कोणता अनुभव लागतो, हे त्या पदाच्या कामावरून ठरवायला हवं.

राष्ट्रपतीचं काम मुख्यतः सहीचं. मंत्रिमंडळाचा सल्ला मानावाच लागतो. विधेयक एकदा परत पाठवता येतं, पण संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं की सही करणं भाग असतं. म्हणजे हातात काय उरलं? थांबणं, विचारणं आणि एकदा परत पाठवणं. एवढंसंच, पण मोलाचं.

आता कलामांचंच बघा. मे २००५ मध्ये ते मॉस्कोत असताना बिहार विधानसभा बरखास्तीचा कागद तिथं पोचला आणि त्यांनी सही केली. पुढं सर्वोच्च न्यायालयानं ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. राजकारणात मुरलेल्या माणसाला असल्या घाईचा वास आला असता, असं वाटतं. पण १९७५ आठवा. २५ जूनच्या रात्री आणीबाणीच्या कागदावर सही करणारे फख्रुद्दीन अली अहमद काही नवखे नव्हते. राज्यात आणि केंद्रात कितीतरी वर्षं मंत्री राहिलेले. मग त्यांचा अनुभव कुठं गेला होता?

उलट ग्यानी झैलसिंग. पंजाबचे मुख्यमंत्री, देशाचे गृहमंत्री, पक्के राजकारणी. १९८६ साली लोकांची पत्रं उघडायचा अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक आलं. त्यांनी सही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. कारण राष्ट्रपतीनं किती दिवसांत सही करावी, हे घटनेत लिहिलेलंच नाही! ही फट मुरलेल्या माणसालाच दिसते.

२००७ साली आपल्या प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या, तेव्हाही हाच वाद झाला. १९६२ ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावहून आमदार. मग मंत्री, विरोधी पक्षनेत्या, राज्यसभेच्या उपसभापती, अमरावतीच्या खासदार, राजस्थानच्या राज्यपाल. समोर भैरोसिंह शेखावत, तेही राजस्थानचे माजी मुख्यमंत्री. अनुभवाची शिदोरी दोघांकडंही. तरी कुणी म्हणालं, हे तर निष्ठेचं बक्षीस. शिवसेनेनं मात्र मराठी बाई म्हणून आघाडी सोडून पाठिंबा दिला. अनुभव किती, हे कुणी विचारलंच नाही. कुणाची, एवढंच विचारलं!

माझं मत विचाराल तर अनुभव माणसाला 'थांब' कसं म्हणायचं ते शिकवतो. म्हणायची हिंमत मात्र तो देत नाही. ती वेगळीकडून येते. द्रौपदी मुर्मू आधी शिक्षिका होत्या. मग नगरसेविका, आमदार, मंत्री. झारखंडच्या राज्यपाल असताना २०१७ साली, स्वतःच्याच पक्षाचं सरकार असूनही, आदिवासींच्या जमिनीच्या कायद्यातल्या दुरुस्त्या त्यांनी परत पाठवल्या. तिथं ज्ञान आणि हिंमत दोन्ही होतं. आणि कलामांनीही २००६ ला लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलंच की! वर्षभरात माणूस शिकला.

मी काही वर्षं मुख्याध्यापक होतो. ज्या कागदात काही खोट असायची, तो नेमका शाळा सुटायच्या वेळी यायचा. "सर, फक्त सही." खेड्यातल्या नव्या सरपंचबाईंनाही असं बोट ठेवून सहीची जागा दाखवणारे पुष्कळ भेटतात. तिथं चेकवर सही करायची असते आणि दिल्लीत देशाच्या कायद्यावर. फरक तेवढाच.

म्हणून उमेदवार राजकारणातला की बाहेरचा, हे मी दुसऱ्यांदा विचारीन. पहिल्यांदा विचारीन ते हे, की आयुष्यात एखादा कागद यानं आपल्याच माणसांना कधी परत केलाय का?

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.