भाराचा हिशेब

न्यू जर्सीतील मुलाच्या गॅरेजमध्ये सुतारकाम चालले होते. पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणाऱ्या कॅम्परसाठी लाकडी कपाटे करावयाची होती. मुलाने १८ मिलिमीटरचा प्लायवूड आणि सात कपाटे योजिली होती. जन्मभर भुसार पेढीवर तराजू धरलेल्या वडिलांनी चालकाच्या दारालगतची पट्टी वाचली. माणसे व सामान मिळून किती भार चालेल, तो आकडा तीवर छापलेला होता. "आधी वजन कर, मग माप घे," ते म्हणाले.

१२ मिलिमीटरचा प्लाय आणला. लाकडाचा एक तृतीयांश भार तेथेच उतरला. वळणावर दारे उघडू नयेत म्हणून घट्ट खिट्ट्या बसल्या. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. ती टाकी तळाशी आली. सात कपाटांची चार झाली. दिवंगत आईचा पितळी डबा मुलाला न्यावयाचाच होता. वडिलांनी तो हाती घेतला, क्षणभर तोलला आणि घरातील फळीवर ठेवला. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाच्या शिदोरीस मात्र त्यांनी पहिला खण राखला. अपरिग्रहाची व्याख्याने त्यांनी वर्षानुवर्षे ऐकली होती. त्याचे वजन हाताला कळले ते त्या दिवशी.